घुमट नंतर बघू, आधी बसायचं कुठं ते सांगा

मागच्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं की आपल्याकडं विद्यापीठाची इमारत काढायची म्हटलं की आधी समोरचा देखावा ठरतो आणि आत कोण बसणार ते उद्घाटन झाल्यावर कळतं. बोलता बोलता हेही लिहून गेले की जुन्या दगडी माळवदाच्या (म्हणजे जाड मातीच्या सपाट छताच्या) वाड्यांकडून उन्हाळा कसा काढायचा ते शिकण्यासारखं आहे. त्या दोन वाक्यांवर इतके निरोप आले की बस, आणि गंमत म्हणजे बरेचसे लॉ कॉलेजशी संबंधित लोकांचे. तसं नवल नाही म्हणा, १९८१ ला औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ आलं, २०१७ ला इथंच राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालं, आता मराठवाड्यात घरटी एक वकील नाहीतर वकिलीला गेलेलं लेकरू आहेच. म्हणून यावेळी फक्त लॉ स्कूलची इमारत. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून मग कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: मॅडम, मी एका विद्यापीठाच्या विधी विभागात शिकवतो. सध्या आमचा विभाग दुसऱ्याच विभागाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चालतो, पाऊस आला की दोन वर्ग बंद. आता नवी बिल्डिंग मंजूर व्हायच्या मार्गावर आहे आणि मला समितीवर घेतलंय. पहिल्याच मीटिंगला आर्किटेक्टनं रंगीत चित्र दाखवलं, वर घुमट, समोर आठ खांब, बावीस पायऱ्या. सगळे म्हणायलेत एकदम हायकोर्टासारखं वाटतंय. मला काहीतरी चुकायलंय असं वाटतंय पण नेमकं काय बोलावं कळंना. मी कायद्याचा माणूस, नकाशा वाचता येत नाही.

उत्तर: सर, नकाशा वाचता येत नसला तरी टाइमटेबल वाचता येतं ना? मग समितीत सगळ्यात कामाचा माणूस तुम्हीच. इमारत टाइमटेबलमधून निघते, चित्रातून नाही.

बघा, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या नियमांनुसार एका तुकडीत ६० विद्यार्थी. तुमच्याकडं पाच वर्षांचा आणि तीन वर्षांचा असे दोन्ही कोर्स एकेक तुकडीचे धरले तर आठ वर्ग, म्हणजे ४८० डोकी, एलएलएम वेगळं. आता कुणीही सरळ आठ मोठ्या खोल्या मागेल. पण त्याच नियमांत वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या आत घ्यायची मुभा आहे, मग पाच वर्षांवाले सकाळी आणि तीन वर्षांवाले दुपारून बसवले तर पाच खोल्यांत भागतं. मी म्हणेन सहा मोठ्या घ्या आणि वाचलेल्या जागेत वीस-पंचवीस जणांच्या चार लहान खोल्या काढा, कारण पुढच्या वर्षांना ऑप्शनल विषय असतात आणि बारा पोरं साठ बाकांच्या खोलीत विखरून बसलेली, सर फळ्यापाशी ओरडायलेत, हे तुम्ही रोज बघत असाल. मोठी खोली साधारण आठशे ते साडेनऊशे चौरस फुटाची, आणि लांबुळकी आगगाडीच्या डब्यासारखी नको, रुंद हवी, शेवटच्या बाकापासून फळा तीस फुटाच्या आत राहिला पाहिजे.

मग ऊन. आपल्याकडं विद्यापीठाच्या परीक्षा ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ च्या वर. इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला येऊ द्या, वर्गाच्या खिडक्या उत्तरेला, दक्षिणेला व्हरांडा आणि त्यावर चांगला खोल छज्जा. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते, तिकडं जिने, संडास, स्टोअर असलं काहीतरी टाका, वर्ग अजिबात नको. एवढं केलं तर पंख्यावर निभतं, आणि हे सगळं कागदावर फुकट असतं, बांधल्यावर मात्र एसीच्या बिलात फेडावं लागतं.

आता त्या बावीस पायऱ्या. एक पायरी सहा इंच धरली तरी अकरा फूट उंची झाली. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा तुम्ही शिकवत असणार, मी शिकवायची गरज नाही. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे अकरा फूट चढायला १३२ फूट लांब रॅम्प, वर मधे मधे सपाट थांबे. तो त्या चित्रात कुठंय विचारा. नसणारच. मग शेवटी काय होतं, मागच्या बाजूला जनरेटरशेजारी एक उतार काढतात आणि व्हीलचेअरवरचा विद्यार्थी पाच वर्षं डिझेलच्या वासातून वर्गात जातो. जोतं दीड-दोन फूट ठेवा, पुराची जागा नसेल तर त्यापेक्षा जास्त कशाला लागतं? आणि मुख्य दारालाच रॅम्प, सगळ्यांनी त्याच वाटेनं जायचं.

आणि खरी गोष्ट आता. चित्रात लीगल एड क्लिनिक, म्हणजे लोकांना मोफत कायद्याचा सल्ला द्यायची जागा, कुठं दाखवलंय? बहुतेक दुसऱ्या मजल्यावर, स्टाफरूमच्या पलीकडं. हे मी छातीठोकपणे सांगते कारण मीच एकदा तसं काढलंय. पंचवीसेक वर्षं झाली, मी नवीन होते, एका कॉलेजसाठी (नाव राहू द्या) नकाशा काढला आणि उरलेल्या जागेत वरती विधी सेवा केंद्र टाकून मोकळी झाले. उद्घाटनानंतर वर्षभरानं काही दुरुस्तीसाठी गेले तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक म्हातारी बसलेली, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, कसली कसली कागदं. वॉचमन म्हणत होता आयकार्ड नाही, वर जाता येणार नाही, आणि म्हातारी म्हणत होती कागद तेवढे वर धाडा बाबा, मी हितंच बसते, गुडघे चालंनात. कागद वर गेले, ती खालीच बसली. ज्या पोरांनी तिला प्रश्न विचारून विचारून शिकायचं ती वर कागदं वाचायलीत आणि जिला विचारायचं ती खाली. वॉचमनचा काय दोष, तिथं आयकार्डवाल्या दारातून जाण्याशिवाय दुसरी वाटच मी ठेवली नव्हती.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच लॉ कॉलेजांतल्या क्लिनिकचा उल्लेख आहे, बार कौन्सिलही ते मागतं, आणि बाई असली तर उत्पन्न न बघता मोफत सल्ल्याचा हक्क आहे. मग ती बाई येणार कुठून? आपल्या वाड्यांना ढाळज असायचं, दाराला लागूनची बसायची जागा. परका माणूस, वाटसरू, तक्रार घेऊन आलेला कुणीही, इथपर्यंत येऊन टेकू शकायचा, आत बोलवायची गरज नव्हती की बाहेर ताटकळत ठेवायची. लॉ स्कूलचं क्लिनिक म्हणजे ते ढाळज. रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यावर, स्वतःचं दार, बाहेर सावलीत कट्टा, पिण्याचं पाणी, एक संडास जो कुलूपबंद नसेल. आत दहा बाय बाराच्या दोन बंद खोल्या, कारण नवऱ्यानं मारलं हे कुणी सहा पोरांसमोर हॉलमध्ये सांगत नाही. आणि विद्यार्थ्यांचाही स्वार्थ आहे त्यात, प्रॅक्टिकलच्या पेपरात पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याच्या तयारीला ३० मार्क आहेत, ती मुलाखत कॅन्टीनमध्ये कशी शिकणार?

तर मीटिंगमध्ये घुमटावर भांडू नका, हराल, घुमट सगळ्यांना आवडतो. फक्त म्हणा, मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी दोन वाजता कोण कुठं बसलंय ते या नकाशावर पेन्सिलीनं दाखवा. विद्यार्थी, शिपाई, ती म्हातारी, सगळे. आर्किटेक्ट चांगला असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतःच नकाशा बदलून आणेल. अजून एक, फर्निचर आणि आवाज घुमू नये म्हणून करायची कामं आत्ताच अंदाजपत्रकात घालून घ्या, नाहीतर सगळा पैसा खांबांना जातो आणि नंतर सुधारित प्रशासकीय मान्यता आणता आणता दोन दिवाळ्या होतात, तोवर पोरं सतरंजीवर.

प्रश्न: ताई मी बीड जिल्ह्यातली, लॉ च्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात मूट कोर्ट (सरावाचं लुटुपुटीचं कोर्ट) म्हणून जो हॉल आहे तो खरं तर सेमिनार हॉल आहे, स्टेजवर तीन खुर्च्या टाकतात आणि खाली आम्ही माईक हातात धरून बोलतो, आवाज इतका घुमतो की जज म्हणून आलेल्या सरांनी मला तीनदा "काय?" विचारलं आणि मी सगळं विसरले. आता नवीन बिल्डिंगमध्ये तीनशे लोकांचं भव्य मूट कोर्ट करणार म्हणायलेत. ते चांगलं होईल का?

उत्तर: नाही होणार, आणि तू विसरलीस त्यात तुझी चूक निम्मीच, निम्मी छताची.

तीनशे लोकांचं जे असतं ते सभागृह, तिथं स्वागत समारंभ होतात. कोर्टात माणूस माणसाशी बोलतो, माईकशिवाय, दहा-बारा फुटावरून, आणि समोरचा मधेच तोडतो. ते शिकायचं तर खोली साठ-सत्तर जणांची बास. न्यायाधीशांची बैठक जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, त्यापेक्षा जास्त केली तर मान वर करून बोलावं लागतं आणि आवाज घशात अडकतो. दोन्ही बाजूंना टेबल आणि उभं राहून कागद ठेवायचा स्टँड, बाजूला साक्षीदाराचा कठडा. मूटमध्ये बहुतेक अपिलाचे युक्तिवादच असतात म्हणून साक्षीदाराचा कठडा कुणी बांधत नाही, पण उलटतपासणी शिकायची असेल तर तो लागतो, आणि तालुक्याच्या कोर्टात गेल्यावर तुझं निम्मं आयुष्य त्यातच जाणार आहे.

वर्षाला तीन मूट प्रत्येकानं करावेत असं अभ्यासक्रमात आहे, दहा-दहा मार्कांचे. साठ पोरं गुणिले तीन करून बघ, एकाच वर्षाच्या तुकडीचे १८० झाले. एका भव्य हॉलमध्ये हे कधी उरकणार? म्हणून एक नीट मूट कोर्ट आणि बाकी सरावाला त्या लहान खोल्या, ज्या मी वरच्या सरांना मागायला सांगितल्यात.

आवाजाचं असं आहे की गुळगुळीत फरशी, गुळगुळीत प्लास्टर आणि काच एकत्र आले की आवाज टप्पे खात फिरतो. रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवून बघायची, टाळी शेपटासारखी लांबत असेल तर तिथं बोलणं कळणार नाही. मागच्या भिंतीला आवाज शोषणारे पॅनेल, छताला तसल्याच टाइल्स, समोरची भिंत कडक राहू दे म्हणजे न्यायाधीशांचा आवाज मागं पोचतो. पंखा कुरकुरणारा नको. वर पत्र्याचं छप्पर तर मुळीच नको, मृगाच्या पावसात सगळ्यांचाच खटला तहकूब.

अजून एक मागणी तुम्ही पोरींनीच लावून धरा. मूट कोर्टला लागून एक छोटी खोली कॅमेरा-स्क्रीनची. महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या निकालात २००३ लाच सुप्रीम कोर्टानं व्हिडिओ कॉन्फरन्सनं साक्ष घेता येते म्हटलंय, आता १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर तर ते आणखीच वाढलंय. पडद्यावरच्या साक्षीदाराची उलटतपासणी समोरच्यापेक्षा अवघड असते म्हणतात माझे वकील मित्र. ते कॉलेजातच एकदा फसून शिकलेलं बरं.

प्रश्न: तुम्ही दगडी माळवदाच्या वाड्याचं कौतुक केलं. मी किल्लारीच्या जवळचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमच्या घरातले चार जण त्याच दगडाखाली गेले. मी तेव्हा पुण्याला होतो म्हणून वाचलो. आता ठेकेदारी करतो, शाळा-कॉलेजचीच कामं जास्त. लॉ कॉलेज असू द्या नाहीतर गोठा असू द्या, दगडमातीचं नाव काढत जाऊ नका बाई. गारव्याच्या गोष्टी ज्यांनी ढिगारे उपसले नाहीत त्यांना सुचतात.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीन दिवस तसंच ठेवलं होतं, काय लिहावं कळेना. माझं वाक्य अर्धवट होतं आणि आपल्या भागात ते अर्धवट लिहायला नको होतं.

ज्यांना माहीत नाही त्या तरुण वाचकांसाठी सांगते. पहाटे चारच्या थोडं आधी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन गावं गाढ झोपलेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगाच्या हिशोबात मध्यम म्हणावा असा, आणि माणसं गेली दहा हजारांच्या घरात. मारलं ते घरांनी. दोन-अडीच फूट जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, आतला दगडाचा थर आणि बाहेरचा थर, मधे माती आणि चिपा कोंबलेल्या, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठं नाही. हलल्याबरोबर दोन्ही थर सुटे झाले आणि वरचं फूट-दीड फूट मातीचं माळवद थेट अंगावर. जो जाडपणा उन्हाळ्यात गारवा द्यायचा त्याच वजनानं जीव घेतला. त्याआधी भूकंपाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये गेला.

तर वाड्याकडून घ्यायचं ते चौक, ओसरी, ढाळज, उंचावरचे झरोके, म्हणजे जागेची मांडणी. भिंत आणि छप्पर घ्यायचं नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

बांधकाम तुम्हालाच सांगायचं म्हणजे काजव्यानं सूर्याला, पण समितीवाले वाचतायत म्हणून लिहिते. कॉलम-बीमच्या सांगाड्याची इमारत, आणि रिंगा, म्हणजे आतल्या सळ्यांना वेढून धरणाऱ्या लोखंडी कड्या, नीट. रिंगेचं टोक ९० अंशात वाकवून सोडून दिलं तर धक्क्यात ते उघडतं, ते १३५ अंशात आत काँक्रीटमध्ये वळलेलं पाहिजे, आणि कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ. स्लॅब भरायच्या आधी कुणीतरी हे मोजून फोटो काढून ठेवलं पाहिजे, एकदा काँक्रीट पडलं की रिंग दिसत नाही आणि बिल मात्र निघतं. तळमजल्यावर सगळं मोकळं पार्किंग आणि वर भिंतीच भिंती हा प्रकार नको, २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादच्या तसल्या इमारती खालच्या मजल्यातच बसल्या. आणि वरच्या प्राध्यापक सरांसाठी एक वाक्य, भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो, सगळ्यात वर काँक्रीटचा घुमट ठेवणं म्हणजे डोक्यावर भरलेली घागर घेऊन धावणं. घुमट आवडतो तर तो समितीच्या कॅलेंडरवर छापा.

काळ्या मातीचं तुम्ही लिहिलं नाहीत पण तेही याच्याच जोडीला घ्या. विद्यापीठांना मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा काळ्या रानाच्या, पावसात माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरवर पाया घातला की तिसऱ्या वर्षी दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. जागा हाती येताच बोअर घेऊन माती तपासा आणि मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत खाली जा. हा खर्च कुणाला दिसत नाही, त्यावर कोनशिलाही बसत नाही, म्हणून सगळ्यात आधी यालाच कात्री लागते.

प्रश्न: मी ग्रंथपाल आहे, परभणीकडची. नव्या इमारतीत लायब्ररीला दुसऱ्या मजल्यावर एकच हॉल दिलाय. म्हणतात आता सगळे निकाल मोबाईलवर मिळतात, पुस्तकं कोण वाचतं. त्या हॉलचा नकाशा आधी दोन वर्गखोल्यांचा होता, मधली भिंत काढून टाकली एवढंच.

उत्तर: मॅडम, मोबाईलवर निकाल मिळतो हे खरंय, मी स्वतः बघते वकील कोर्टाच्या पायरीवर बसून शोधतात. पण भिंत काढली म्हणजे लायब्ररी झाली असं ज्यानं म्हटलं त्याला इंजिनिअरकडं पाठवा. आपल्या मानकांत वर्गखोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ३०० किलो वजन धरून काढतात, पुस्तकांच्या रॅकची खोली असेल तर ६०० पासून पुढं, रॅक २.२ मीटरहून उंच असतील तर अजून जास्त. दुप्पट! आणि लॉ ची पुस्तकं म्हणजे विटाच. ऑल इंडिया रिपोर्टर १९१४ पासून निघतोय, त्याचे जुने सेट तुमच्याकडं असतीलच, ते सगळे ओळीनं वर्गखोलीच्या स्लॅबवर उभे केले तर खालच्या वर्गातला वारसा हक्काचा कायदा वेगळ्याच कारणानं लागू होईल. हसण्यावारी नेऊ नका, लेखी मागा की हा स्लॅब रॅकच्या वजनाला काढलाय का.

माझं मत, रॅक तळमजल्यावर, वाळवीची ट्रीटमेंट पायातच करून. गच्चीखालचा मजला पुस्तकांना कधीच देऊ नका, कितीही कोबा केला तरी पाचव्या पावसाळ्यात कुठून तरी पाझरतं.

आणि वाचायची जागा ही वेगळी गोष्ट आहे, तिचं पुस्तकांशी नातं थोडं सुटलंय हे मान्य करू. तिथं बसणारी पोरं स्वतःची गाईडं आणून न्यायाधीशाची परीक्षा, एमपीएससी करतात, दहा-दहा तास. खेड्यातून आलेलं पोरगं सहा जणांच्या रूमवर राहतं, त्याला जगात शांत जागा ही एकच. म्हणून रीडिंग रूमला वेगळं दार ठेवा, रात्री बाकी इमारत बंद करून तेवढंच चालू राहील असं, वॉचमनच्या नजरेत, संडास त्याच दाराच्या आत. पोरींना रात्री नऊला अंधाऱ्या पॅसेजमधून संडासला जावं लागतं म्हणून त्या संध्याकाळी पाणीच पीत नाहीत, हे एका रेक्टर बाईंनी मला सांगितलं होतं, तेव्हापासून मी नकाशात आधी हे बघते. उजेड उत्तरेचा आणि प्रत्येक टेबलाला प्लग. प्लग विसरतातच.

प्रश्न: लातूरहून. आमच्याकडं नवीन इमारतीला रेन वॉटर हार्वेस्टिंग दाखवलंय पण सगळे म्हणतात ते कागदापुरतं असतं. खरंच काही उपयोग होतो का?

उत्तर: लातूरकरांनी हे विचारावं? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे तुमच्याच स्टेशनात आली होती.

हिशोब सोपाय. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची हजार चौरस मीटरची आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, त्यातलं वीस टक्के वाया गेलं म्हणा, तरी ५ लाख ६० हजार लिटर. ५०० माणसांच्या इमारतीत माणशी रोज वीस लिटर धरलं तर छप्पन्न दिवसांचं झालं. वर्षभर पुरणार नाही, पण जून कोरडा गेला तर जुलैपर्यंत तगून जाता येतं. कागदापुरतं होतं कारण पाइप खड्ड्यात सोडून देतात आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायची तोटी नसते, दोन वर्षांत खड्डा गाळानं बंद. टाकी बांधा, गच्चीवर फक्त सोलर आणि पाणी, जुनी बाकडी नकोत, आणि मे अखेर झाडून घ्यायचं काम कुणाचं ते ऑफिस ऑर्डरमध्ये लिहून ठेवा.

प्रश्न: आमच्या समितीत एक सदस्य वास्तूवाले आहेत, ते म्हणतात प्राचार्यांची केबिन नैऋत्येलाच हवी आणि संडास ईशान्येला नको. काय करावं?

उत्तर: संडास पश्चिमेला घ्या, उन्हाच्या हिशोबानंही तेच बरोबर आहे, त्यांना वाटू द्या त्यांचं ऐकलं. प्राचार्य नैऋत्येला तापतील, पण त्यांना एसी असतो.

प्रश्न: (हे एका विद्यार्थ्यानं टाइप करून पाठवलंय, सांगणारे दुसरेच आहेत.) मॅडम माझी विद्यापीठाच्या गेटपुढं चहाची टपरी आहे, अठरा वर्षं झाली. लॉ ची नवी बिल्डिंग होणार, गेट सरकणार, कंपाउंड मोठं होणार म्हणे. नकाशात माझी जागा पार्किंगमध्ये गेली. कॅन्टीन आतमधी टेंडरनं देणारेत. मी काय करू?

उत्तर: भाऊ, मी नकाशाचं सांगते, कायद्याचं मला अर्धंच येतं.

नकाशाचं असं की लॉ कॉलेजच्या बाहेर चहाला माणसं जमणारच, तुम्हाला उठवलं तर महिनाभरात दुसरा कुणीतरी रस्त्याच्या वळणावर गाडा लावेल आणि तिथं गाड्यांची गर्दी होईल. शहाणा आर्किटेक्ट गेटच्या शेजारी, क्लिनिकच्या कट्ट्याजवळ, कंपाउंड चार-पाच फूट आत घेऊन फरशी टाकेल, एक नळ, एक सांडपाण्याची वाट, चार टपऱ्यांची जागा. लांबून आलेल्या पक्षकारांनाही चहा लागतो, त्यांच्या नातेवाइकांना बसायला जागा लागते. वरच्या सरांना मी हेही सांगायचं विसरले होते, आता त्यांनी इथंच वाचावं.

कायद्याचं असं की पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. महापालिकेच्या हद्दीत असाल तर तुमचं सर्वेक्षण झालंय का, विक्रेता प्रमाणपत्र मिळालंय का ते आधी बघा. प्रमाणपत्र असेल तर तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही. नसेल तर त्याचा अर्ज आत्ताच, गेट सरकायच्या आधी टाका. ज्या पोरानं हे टाइप करून दिलंय त्याला म्हणावं, तुमच्या लीगल एडमध्ये नेऊन सरांसमोर बसव, मार्क पण मिळतील तुला. जाताना अठरा वर्षांचं जे काही असेल ते न्या, जुन्या पावत्या, लाईटचं बिल, दंडाची पावती असली तर तीसुद्धा, तारीख असते तिच्यावर. आणि क्लिनिक अजून दुसऱ्या मजल्यावर असलं तर कागद वर धाडू नका, पोरांना खाली टपरीवर बोलवा.